एका पायावरून दुसऱ्या पायावर

आधी नावं घेते. नागपुरात सदर भागात एका चिनी डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता. त्यांच्या आईला सगळी गल्ली आंटी म्हणायची. त्यांचं खरं नाव त्यांनी मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा माझ्या जिभेला ते झेपलं नाही, तेव्हा त्याच हसून म्हणाल्या, ‘आंटी बोलो, चलता है.’ दुसरं नाव सुमनवहिनींचं. कोराडीच्या वसाहतीत आमच्या समोरच्या दारात त्यांचं बिऱ्हाड. वहिनींनी मला आंटींच्या दारापर्यंत नेलं, पुढचं आंटींनी केलं. काय झालं ते सांगणारच आहे, पण ही दोन नावं आधी कागदावर उतरलेली बरी. मी आठवीच्या सहामाहीनंतर शाळा सोडलेली बाई. लिहिता लिहिता काहीतरी महत्त्वाचं राहून जाईल ही धाकधूक मला कायम असते. राहायचंच असेल तर दुसरं काही राहो.

काल सकाळी गच्चीच्या कठड्यावर हात टेकला तर बोटांना ओली राख लागली. रात्रभर दंव पडतं, वीज केंद्राच्या धुराड्यांची राख त्यात बसते, आणि उजाडताना कठड्यावर करडा, गुळगुळीत लेप तयार असतो. वसाहतीत नव्यानं आलेल्या बाईला तो पाहून रडू येतं. जुनी बाई पदर खोचून ओलं फडकं आणते. मला त्या राखेवरूनच कळतं की हिवाळा आला. मग बसथांब्यावर संत्र्यांच्या सालींचा वास सुटतो, पहाटेच्या पाळीला निघालेल्या माणसांच्या तोंडाला मफलर गुंडाळलेले दिसतात, धुक्यात कोळशाच्या ट्रकांचे दिवे पिवळे होऊन येतात. हे सगळं दिसलं की माझे गुडघे आपोआप जरासे वाकतात, खांदे खाली येतात, आणि मी श्वास सोडते. नऊ वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यानं लावलेली ही सवय आहे.

त्या साली आणीबाणी उठलेली होती आणि माझ्या मुलाला दात येत होते. आमचे हे बॉयलरवर, तिन्ही पाळ्यांत. आमचं गाव माणदेशातलं, पार सांगली-साताऱ्याकडे. तिथून इथं यायला दीड दिवस गाडीत बसावं लागायचं. वीस वर्षांची मी, पहिलं बाळंतपण गावी उरकून पोराला घेऊन एवढ्या लांब आलेली. पाणी वेगळं, बोली वेगळी. वहिनी पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘काहून वं, इतकी वाळून गेली? घरी खायले देत नाही का?’ मला वाटलं, भांडतायत. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी माझ्या हातात गरम भाकर आणि झुणका ठेवला.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. बाळूला घेऊन मी जिना उतरत होते. आमचा पहिला मजला. मधल्या वळणावर डोळ्यांपुढे काळं आलं, भिंत कुठे आणि कठडा कुठे ते कळेना. मी मटकन खाली बसले. पोर मांडीवरून घसरून पुढच्या पायरीवर गेलं. त्याला काही झालं नाही. टाळूला हात लावून पाहिलं, पाय पाहिले, ते तर हसत होतं. वहिनींनी धावत येऊन त्याला उचललं. त्यांच्या कडेवरून त्याला परत घ्यायला मी हात पुढे केला नाही.

वसाहतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी चांगलं काम केलं, ते नाकारत नाही. डोळ्यांपुढचं काळं येणं महिन्याभरात कमी झालं. भीती मात्र कमी झाली नाही. मी बाळूला उभ्यानं घेईनाच. जमिनीवर बसून पाजायची, जमिनीवरच खेळवायची, आणि तो रडत दोन्ही हात वर करून माझ्या गुडघ्यांशी आला की वहिनींना हाक मारायची. स्वतःचं पोर खाली आणि मी वर, मध्ये हातभर अंतर. ते अंतर मला विहिरीसारखं खोल दिसायचं. रिकाम्या हातानं चालतानाही पाऊल टाकण्याआधी फरशीकडे बघायची. झोपेत पाय दचकायचे.

वहिनी रागवायच्या. ‘आपल्या पोट्ट्याले आपणच भेते का वं कोणी?’

‘पडेल तो माझ्याकडून.’

‘पडला तर पडला! माह्ये चार पडले, चारही शाळेत चालले.’

त्यात दाढ दुखायला लागली. वहिनी दर मंगळवारी बसनं सदरच्या ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारात भाजीला जायच्या. त्या म्हणाल्या, ‘चल माह्यासंगं. तिथं चिनी डॉक्टर हाये, हात हलका हाये त्याचा. मले दोन दात लावून दिले, पाह्य बरं ओळखू येते का?’ आणि तोंड उघडून दाखवलं. ओळखू येत होतं, पण मी ‘नाही येत’ म्हटलं.

दाढ काढायला अर्धा तास, आणि नंबर लागायला दोन तास. बाकावर बसून कंटाळा आला, म्हणून मी तोंड धुवायला मागच्या परसात गेले. परसात पेरूचं एक झाड, दोरीवर वाळत घातलेले पांढरे डगले, आणि झाडाखाली एक साठ-पासष्टीची बाई. काळी सुती पँट, वर बंद गळ्याचा अंगरखा, पायात कापडी बूट. ती चालत होती, पण इतकी सावकाश की आधी मला वाटलं तिला काहीतरी दुखतंय. एक पाय उचलायची, टाच टेकवायची, मग तळवा, मग सगळं अंग हळूहळू त्या पायावर जायचं, आणि मागचा पाय रिकामा झाला की तोच पुढे यायचा. हात समोरून असे जायचे, जसं पाण्यावरचं शेवाळ बाजूला सारावं. पेरूवर पोपट कलकलत होते, आतून दाताच्या मशीनचा आवाज येत होता, आणि ह्या बाईला कसली घाई म्हणून नव्हती.

मी तोंड धुवायचं विसरून बघत राहिले. माझ्या मनात एकच आलं, ही बाई पडणार नाही. कुणी ढकललं तरी पडणार नाही.

संपल्यावर त्यांनीच, म्हणजे आंटींनीच, विचारलं, ‘दाँत दुखता है?’

‘दाढ,’ मी गालावर हात ठेवून म्हटलं, ‘पण ते तुम्ही काय करत होता?’

त्याला ताय ची म्हणतात, त्यांच्या वडलांनी कलकत्त्यात शिकवलं, लहानपणापासून रोज करते, असं त्यांनी सांगितलं. त्यांची हिंदी कलकत्त्याची होती, तिच्यात सगळ्या बायका पुरुष होऊन जायच्या. पूर्वी समोरच्या मैदानात करायच्या म्हणे. बासष्टच्या लढाईनंतर सोडलं. ‘लोग सोचता था, बुढ़िया किसी को इशारा करता है,’ असं म्हणून त्या एवढ्या मोकळ्या हसल्या की मलाही हसू आलं आणि दाढेतून कळ गेली.

मग काय झालं कोण जाणे, मी त्यांना जिन्याचं सगळं सांगून टाकलं. वहिनींनाही जे सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. पोराला हात लावायची भीती वाटते, आणि अशी आई असते का, ह्याची त्याहून जास्त. आंटींनी सांत्वन केलं नाही. माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘दोनों पाँव पर आधा-आधा खड़ा है तुम. इसलिए किसी पर नहीं खड़ा है.’

त्या दिवसापासून दर मंगळवार. वहिनी बाळूला घेऊन बाजारात जायच्या, मी आंटींच्या परसात. पैशाचं मी विचारलं तर त्यांनी हातानंच उडवून लावलं. पहिले दोन मंगळवार नुसतं उभं राहायला शिकवलं. दोन पायांत खांद्याइतकं अंतर, गुडघे सैल, माथा वर कुणी दोऱ्यानं धरल्यासारखा, बाकी सगळं खाली सोडलेलं. जिभेचं टोक टाळूला. श्वास आपला आपण येतो, त्याला ओढायचं नाही. ‘तुम डरता है तो साँस यहाँ अटकता है,’ आणि गळ्यावर बोट. ‘उसको इधर आने दो,’ आणि बेंबीखाली तळहात. उभं राहणं हे शिकायचं असतं, हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मग एकेक हालचाल आली. डावीकडे वजन, उजवा पाय रिकामा. उजवीकडे वजन, डावा रिकामा. आठच हालचाली दिल्या त्यांनी मला, ‘बाकी बाद में,’ म्हणाल्या.

आणि इथं मी घोळ घातला.

आमच्या माहेरी व्यायाम म्हणजे तालीम. वडील, काका, दोघे भाऊ, सगळे जोर-बैठका मारणारे. पहाटे अंगणात भावांचे जोर चालायचे आणि मी उंबऱ्यावर बसून मोजायची. दर पन्नासाला ज्वारीचा एक दाणा ह्या वाटीतून त्या वाटीत. कुणी घरी आलं की पहिला प्रश्न, आज किती झाले? घाम जमिनीवर ठिबकला नाही तर तो व्यायामच नव्हे. मोजल्याशिवाय अंग हलवायचं हे माझ्या डोक्यात बसणार कसं? आंटी म्हणाल्या रोज सकाळी थोडा वेळ करत जा. मी मनात म्हटलं, थोड्यानं काय होतंय, पोराला लवकर उचलायचंय. हे पाळीवर गेले की दार लावायचं आणि सुरू. आठ हालचाली, एक फेरा. पहिल्या दिवशी दहा फेरे. मग वीस. मग चाळीस. खिडकीत शेंगदाणे ठेवून मोजायची. चाळीस फेरे व्हायचे तर सावकाश करून कसं चालेल? हात भराभर, पाय भराभर, वळण आलं की गर्रकन. घाम आला की समाधान वाटायचं, आज काहीतरी झालं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पन्नास करायचे ठरवून मी अशीच गरगर फिरत होते. चव्वेचाळिसाव्याला खोली फिरली, आणि मी पत्र्याच्या ट्रंकेवर कपाळ आपटून पडले. बाळू पाळण्यात होता. पाळण्याची दोरी माझ्या पायात अडकून ताणली गेली होती. पाळणा हलला, उलटला नाही, एवढंच. ह्यांनी दार उघडलं तेव्हा मी कपाळाला पदर लावून जमिनीवर, आणि सगळीकडे शेंगदाणे.

ह्यांनी माझ्या कपाळाला हळद लावली, शेंगदाणे वेचले. रागावले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी त्यांनी खिडकीशी बसून पोस्टकार्ड लिहिलं. उत्तर आठवड्याभरात आलं. सासूबाईंना आमच्याकडे सुना आत्याबाई म्हणतात. त्यांच्या सांगण्यावरून दिरानं लिहिलं होतं, संक्रांतीला येते, संक्रांत झाली की पोराला घेऊन निघते, तिथं गाईचं दूध आहे, माणसं आहेत, सूनबाईची तब्येत सुधारली की बघू.

बघू म्हणजे कधी? शेजारच्या घरातलं पोर असंच आजीकडे गेलं होतं, ते चार वर्षांनी आईला काकू म्हणत परत आलं. पत्र मी आधी शेवटून वाचलं, मग सुरुवातीपासून. ती सवय मला तेव्हापासून लागली.

मंगळवारी आंटींपुढे कपाळावरचं टेंगूळ घेऊन उभी राहिले. त्यांनी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं, शेंगदाण्यांसकट. त्यांना आधी समजेना. समजलं तेव्हा त्या पेरूच्या बुंध्याला धरून हसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, ‘पचास? मेरा बाप पूरा सुबह में तीन करता था.’

मग गंभीर झाल्या. माझ्या गावात पाणी कुठून आणायचे, हे विचारलं.

‘विहिरीवरून. मैलभर. डोईवर दोन घागरी, कमरेला एक.’

‘दौड़ के लाता था?’

‘दौडके कैसा? सांड जाएगा ना पानी!’

‘कदम गिनता था?’

मी नाही म्हटलं. मोजणार कोण? पाण्याकडे लक्ष असायचं. उन्हाळ्यात तर एक थेंब सांडला तरी आई ओरडायची. पायाखाली खडे, उतार, मध्ये ओढ्याची वाळू, आणि बारा वर्षांची मी मान ताठ ठेवून, नजर पुढे ठेवून घरी यायची. त्या वाटेवर मी कधी पडले नव्हते.

‘चल के दिखाओ,’ आंटी म्हणाल्या.

‘घागर?’

‘घागर है. सर पे है.’

मी लाजले. दवाखान्याचा कंपाउंडर खिडकीतून बघत होता. तरी चालले. चार पावलं खोटी खोटी गेली, आणि पाचव्याला मान आपोआप लांबली, कंबर स्थिर झाली, आणि पायाच्या तळव्यांनी जमीन चाचपायला सुरुवात केली. टाच, तळवा, मग भार. मागचा पाय रिकामा. पुन्हा टाच. परसाच्या भिंतीपर्यंत गेले, वळले, आणि डोईवरचं नसलेलं पाणी सांडू न देता परत आले.  आंटी माझ्या शेजारी येऊन माझ्याबरोबर चालायला लागल्या. आम्ही दोघी त्या पेरूखाली तशाच जात-येत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही, कारण त्या दिवशी मी पहिल्यांदा मोजलं नाही.

मला जे शिकायचं होतं ते माझ्या पायांना येत होतं. शाळा सुटली, गाव सुटलं, नळाचं पाणी आलं आणि ते विसरायला झालं. एक परकी बाई भेटेपर्यंत ते मला ओळखू आलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी तीनच फेरे. राखेनं करडी झालेल्या गच्चीवर, शाल पांघरून. पहिल्या आठवड्यात झोप लागायला लागली. सलग, दचकल्याशिवाय. दुसऱ्या आठवड्यात चालताना फरशीकडे बघणं सुटलं. थंडीत बोटं गार पडायची, ती फेऱ्यांनंतर गरम व्हायची. छातीत सतत काहीतरी धावत असल्यासारखं वाटायचं, ते बसलं. मग पाच किलो कणकेचा डबा कडेवर घेऊन तीन फेरे. वहिनींनी पाहिलं. ‘माय वं! आता डब्याले खेळवून राहिली का?’ पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कणकेचा डबा काढून घेतला आणि माझ्या हातात बाळू ठेवला. ठेवला आणि पाठ फिरवून घरात निघून गेल्या, दार लावून घेतलं. मी खोलीभर चालले. तो माझ्या कानातली रिंग ओढत होता.

आत्याबाई आल्या त्या भोगीच्या आदल्या दिवशी. गावचे तिळाचे लाडू, बाजरीचं पीठ, पोरासाठी नवी कुंची. माझं कपाळ पाहिलं, आणि पोराला आपल्या मांडीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर आल्या आणि मला पाहून दारातच थांबल्या.

‘काय गं करतीस ही? म्हस पाण्यातनं चालल्यावानी?’

‘व्यायाम आहे, आत्याबाई.’

‘ह्यो यायाम? तुझा बा बघंल तर तालमीला कुलूप लावंल.’

मी पोराला घेऊन त्यांच्यासमोर खोलीत फिरले. त्यांनी पाहिलं. ‘घरात काय, कुणीबी उचलंल,’ म्हणाल्या, आणि पोराची झबली ट्रंकेत घालायला लागल्या.  त्यांना दुष्ट म्हणण्यासारखं काही नव्हतं. त्यांची स्वतःची एक मुलगी लहानपणी गेलेली, त्या घाबरलेल्या होत्या. घाबरलेलं माणूस मी लगेच ओळखते.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी आत्याबाईंना आणि पोराला नागपूर स्टेशनवर गाडीत बसवायला निघालो. हे ट्रंक खांद्यावर घेऊन पुढे. कोराडीहून नागपूरची बस सकाळी भरूनच येते. बसची पायरी उंच. आत्याबाईंनी एक पाय वर ठेवला, पण कडेवर पोर आणि हातात पिशवी, त्यांना चढता येईना. मागून लोक ढकलायला लागले. त्यांनी वळून पोर माझ्या हातात दिलं. ‘धर,’ एवढंच. मीही चढले. हे ट्रंकेसह मागच्या दारानं. बस सुटली. गर्दीनं आत्याबाईंना पुढे नेलं, कुणीतरी त्यांना जागा दिली, आणि आमच्यामध्ये दहा-बारा माणसं उभी राहिली.

एक म्हातारी बाई सीटवरून सरकत मला म्हणाली, ‘बस वं माय इथं, लेकरू हाये तुह्यापाशी.’

मी बसायला वाकले, आणि थांबले. आत्याबाई माणसांच्या मधल्या फटीतून माझ्याकडे बघत होत्या. मी त्या बाईला म्हटलं, ‘राहू द्या मावशी. मी उभी आहे.’

हा हट्ट होता, माझ्या अंगात तो नसतो. पण त्या क्षणी मला माझे पाय माहीत होते. पाय खांद्याइतके लांब घेतले, गुडघे सैल सोडले, एक हात वरच्या दांड्याला, दुसऱ्यात बाळू. रस्ता कोळशाच्या ट्रकांनी खणून ठेवलेला. बस डावीकडे गेली की भार डाव्या पायावर, उजवीकडे गेली की उजव्या. श्वास बेंबीखाली. बाळू माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेला. पुढे अचानक एक ट्रक आडवा आला आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. बसमधली अख्खी गर्दी पुढे कोसळली. माझ्या शेजारचा माणूस समोरच्याच्या पाठीवर गेला, कंडक्टरची पिशवी घसरली, मागून ट्रंक आदळल्याचा आणि ह्यांचा ‘अगं!’ असा आवाज आला. माझा सगळा भार पुढच्या पायावर गेला, गुडघ्यानं तो घेतला, आणि परत मागे आणून दिला. बाळूची झोप मोडली नाही.

पाऊण तास मी तशी उभी होते. आत्याबाईंनी एकदाही नजर काढली नाही.

स्टेशनवर त्यांनी हात पुढे केले. मी पोर दिलं. त्यांनी त्याच्या टाळूचा वास घेतला, कुंचीचे बंद नीट केले, आणि माझ्याच हातात परत ठेवलं. ट्रंक उघडून झबली काढली, माझ्या पिशवीत कोंबली. ह्यांनी विचारलं, ‘आई, हे काय?’

‘त्याचं तिकीट काढलं हुतं का?’

‘त्याला कुठं तिकीट लागतं?’

‘मग परत काय करायचं न्हाई,’ त्या म्हणाल्या. गाडीत चढून खिडकीशी बसल्यावर मला जवळ बोलावलं. ‘उन्हाळ्यात पोराला घिऊन ये. तू आण. ह्याच्याजवळ दिऊ नगं, ह्यो बसमधी ट्रंकसुदीक धरंना.’

गाडी गेल्यावर मी तिथंच फलाटावर, सगळ्या हमालांसमोर, बाळूला घट्ट धरून रडले.

आता गच्चीवर आम्ही अकराजणी असतो. मी शिकवते म्हणणं मोठं होईल, मी पुढे उभी राहते एवढंच. सुमनवहिनी जिना चढताना दर पायरीला देवाचं नाव घ्यायच्या. आता चढून आल्यावर म्हणतात, ‘गुडघे माह्येच हायेत का वं हे?’ आमचे हे रात्रपाळी करून आले की आधी तीन फेरे करतात मग झोपतात, नाहीतर दिवसा डोळा लागत नाही म्हणतात. नवी कुणी आली की पहिल्या दिवशी विचारतेच, किती वेळा करायचं? मी सांगते, मोजू नको. घाम आला नाही म्हणून तिला वाटतं ही बाई फसवतेय. महिन्याभरानं तीच सांगते की पाठ दुखायची थांबली, चिडचिड कमी झाली, झोप लागते. औषधाच्या गोळ्या बंद करा असं मी कुणाला म्हणत नाही. मीही घेतल्या होत्या. आणि दाढेला ह्याचा काही उपयोग नाही, ती काढावीच लागते. पण आपण आपल्या पायांवर उभे आहोत हे ज्या बाईला दिवसातून एकदा नीट कळतं, तिची अर्धी दुखणी बोलायच्या आधीच शांत होतात, हे मी स्वतःच्या अंगावरून ठामपणे सांगते. काळजी मला अजून वाटते. बाळू शाळेतून दहा मिनिटं उशिरा आला की पोटात गोळा येतो. फरक एवढाच की आता मी त्या गोळ्यासकट उभी राहू शकते.

आंटी चार वर्षांपूर्वी कलकत्त्याला गेल्या. डॉक्टरांनी दवाखाना आवरला, तिकडे भावाजवळ घर घेतलं. निघायच्या आधीच्या मंगळवारी त्यांनी मला नववी हालचाल शिकवली. परवा डॉक्टरांच्या हातचं पत्र आलं. आंटींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, समोरच बाग आहे पण मध्ये ट्रामचा रस्ता, गर्दी फार, एकट्या ओलांडायला त्या घाबरतात. म्हणून खोलीतच खुर्चीला धरून करतात. घाबरतात, हा शब्द मी तीनदा वाचला. त्या आणि घाबरतात!

आंटी, हे कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल, हिंदीत करून सांगेल. ह्यांची रजा साठते आहे, आणि कलकत्त्याला गाडी नागपूरहूनच जाते. ह्या हिवाळ्यात जमलं तर ह्या, नाहीतर पुढच्या, मी येणार आहे. बाळूला घेऊन येणार. त्याला तुम्ही वहिनींच्या कडेवर, भाजीच्या पिशवीबरोबर पाहिलेलं, आता तो माझ्या खांद्याला लागतो. एका बाजूनं तो तुमचा हात धरील, दुसऱ्या बाजूनं मी. ट्राम थांबायची असेल तर थांबेल, नाहीतर आपण थांबू. टाच, तळवा, मग भार. घाई करायची नाही. पलीकडे बागेत पोचेपर्यंत मी तुमचा हात सोडणार नाही, हे माझं वचन.